न सांगता उठलेला वाडा

जबाब

नाव : विमल भ्र. सुंदरराव शिनगारे
वय : ६४ वर्षे
व्यवसाय : शेती, निवृत्त पोस्टमास्तर
राहणार : मौजे बोरटेक, शेतातील घर, ता. धारूर, जि. बीड
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

मी स्वतः हजर राहून सांगते की, धुळाजी म्हाळू देवकते, राहणार चकलांबा, यांना मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून ओळखते. दिवाळीच्या सुट्टीत मी मिशनच्या सिस्टरांच्या शाळेच्या वसतिगृहातून घरी येई, तेव्हा त्यांचे वडील म्हाळूबा यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसलेल्या असत. एकदा मी बांधावर बसून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होते. धुळाजी माझ्याच वयाचा. तो काठीवर रेलून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, मेंढरांना इंग्रजी यायला लागलं तर आमचं कोण ऐकंल. मग त्याने शेळीची धार थेट माझ्या मगात काढली. न उकळलेले दूध पिऊ नये असे आम्हाला शाळेत शिकवलेले होते, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, मेलीस तर माझं नाव सांगू नको. मी डोळे मिटून प्याले. दूध कोमट होते आणि त्याला पाल्याचा वास होता.

हे जबाबात लागत नाही, असे चौकशी अधिकाऱ्यांनी मला सौम्यपणे सांगितले. परंतु देवकते यांना कधीपासून आणि कसे ओळखता, हा त्यांचाच पहिला प्रश्न होता. माझे उत्तर हेच आहे. रायटरने लिहावे आणि मी सही करावी अशी पद्धत आहे, तरी माझ्या विनंतीवरून त्यांनी मला माझ्या हाताने लिहू दिले, याबद्दल मी आभारी आहे.

मला येथे बोलावण्याचे कारण असे. गेल्या वर्षी माझ्या फिर्यादीवरून धुळाजी यांना दागिन्याच्या चोरीबद्दल अटक झाली. तो दागिना पुढे माझ्याच घरात सापडला. धुळाजी यांनी बेकायदा अटकेबद्दल नुकसानभरपाईचा दावा केला आहे आणि त्यावरून ही चौकशी चालू आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, दागिना नंतर कोठेही सापडो, त्या दिवशी त्यांच्यासमोर अटकेला पुरेसे कारण होते आणि ते कारण फिर्यादी बाईंनी दिले. फिर्यादी बाई म्हणजे मी. मी खरोखर काय कारण दिले, एवढेच मला विचारले आहे.

आमच्या भागात सुगी झाली की रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. रानाला खत मिळते, मेंढपाळाला धान्य मिळते. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. देवकत्यांच्या वाड्याची एक रीत आहे. येताना ते दारात येऊन रामराम घालतात, चहा घेतात, कोणते तुकडे मोकळे आहेत ते विचारतात. निघताना मात्र सांगत नाहीत. तांबडे फुटायच्या आत कळप हलतो आणि सकाळी रानात चुलीचे तीन दगड तेवढे राहतात. निरोप घेतला की त्या रानाशी नाते तुटले, असे ते मानतात. न सांगता गेले म्हणजे परत यायचे आहे. माझे वडील सकाळी बांधावरून येत आणि आईला म्हणत, वाडा उठला. आई म्हणे, बरं झालं, थंडी वाढली होती. यात कोणाला कधी नवल वाटले नाही.

ही रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. मागच्या वर्षीही ठाऊक होती. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे.

माझे पती वारल्यावर आणि नोकरी संपल्यावर मी माहेरी, वडिलांनी माझ्या नावे केलेल्या शेतात राहायला आले. माझा भाऊ हयात नाही. त्याचा मुलगा अभिमन्यू शेती पाहतो आणि धारूरला त्याचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. तो, त्याची पत्नी मनिषा आणि मी एका घरात राहतो. मला मूलबाळ नाही. दोघांनी मला कधी परके मानलेले नाही.

मागील वर्षी सोयाबीन निघाल्यावर धुळाजी आणि त्यांची पत्नी ताराबाई वाडा घेऊन आले. मधल्या खोलीत माझ्या वडिलांचे एक जुने छायाचित्र आहे. त्यात मागे म्हाळूबा उभे आहेत, हे मला चष्मा बदलल्यावर प्रथमच दिसले होते. मी ते धुळाजींना दाखवायचे ठरवले. ते उंबऱ्याशी थांबले. पायाला शेण हाय म्हणाले. मी म्हणाले, फरशी धुता येते. माझ्या आग्रहाने ते आत आले. छायाचित्राकडे त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाले, "बा लई वाळलेला दिसतोय. तुमच्याकडं जेवाया घालीत न्हवते का काय, आक्का?" आम्ही दोघेही हसलो. ते छायाचित्र ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीला माझे लोखंडी कपाट आहे. चहा घेऊन ते गेले. चार-पाच दिवसांनी वाडा उठला. मी सकाळी चुलीचे दगड पाहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मनिषाच्या भावाचे लग्न होते. तिच्या गळ्यात घालण्यासाठी मी माझ्या आईची सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढायला गेले. माळ कपाटात नव्हती.

घर दोन दिवस उलथेपालथे झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अभिमन्यूने मनिषाला विचारले की, माळ तू माहेरी दाखवायला नेली होतीस का. तो सहज विचारल्यासारखे बोलला, पण ते सहज नव्हते.  मनिषाने भाकरीचे पीठ मळलेले तसेच ठेवले आणि ती मागच्या दारी जाऊन बसली. त्या रात्री कोणी जेवले नाही. सकाळी अभिमन्यू म्हणाला, पोलिसांत जाऊ.

पोलीस ठाण्यात मला खुर्ची दिली. चहा दिला. तपासी अंमलदार मला मॅडम म्हणत होते. माझे बोलणे ऐकून ते म्हणाले, तुमचं मराठी लई शुद्ध हाय, आमच्या रायटरला घाम फुटंल. सगळे हसले, मीही हसले. मला ते आवडले, हे लिहिले पाहिजे.

मग प्रश्न सुरू झाले. माळ कोठे ठेवली होती? मी सांगितले, महालक्ष्म्यांचा सण झाल्यावर मी माझ्या हाताने कपाटात ठेवली. घरात बाहेरचे कोण आले होते? मी आठवत होते. मागून अभिमन्यू म्हणाला, "तो धनगर आलता की आत, आत्या." मी म्हणाले, हो, आले होते. कपाट असलेल्या खोलीत? हो. आता तो कोठे आहे? वाडा उठला. सांगून गेला का?

मी म्हणाले, "नाही."

तपासी अंमलदारांनी रायटरकडे पाहिले आणि म्हणाले, लिही, न सांगता पसार. टपाल खात्यात खिडकीपलीकडचे उलटे अक्षर वाचायची सवय लागते. पसार हा शब्द कागदावर उमटताना मी टेबलाच्या या बाजूने वाचला. मी चहाचा कप बशीत ठेवला. ते पसार झालेले नाहीत, ते असेच जातात, त्यांचे वडीलही असेच जात, आणि घरात त्यांना मीच बोलावले होते, एवढे म्हणायला वेळ होता. मी म्हणाले नाही. संशय असलेल्या इसमाचे नाव म्हणून धुळाजी म्हाळू देवकते असे लिहून झाले. मी सही केली. इंग्रजीत करते, तशी.

शाळेत आम्हाला नीतीचा एक तास असे. सिस्टर सांगत की, खोटे फक्त तोंडानेच बोलले जाते असे नाही. त्या विषयात मला बक्षीस मिळालेले आहे.

धुळाजींना चौसाळ्याच्या बाजूला, रस्त्याकडेच्या एका रानातून धरून आणले. ते लपलेले नव्हते. कळप चरत होता आणि ते शेकोटीपाशी बसून काठी तासत होते, असे आणणाऱ्या शिपायानेच मला नंतर सांगितले. बाजारचा दिवस होता. हाताला दोरी लावून त्यांना बाजारातून चालवत आणले. ओळखीसाठी मला बोलावले. ओळखीची काय गरज होती, मला कळले नाही. त्यांचे पागोटे नव्हते. मी त्यांना बिनपागोट्याचे मोठेपणी कधी पाहिलेले नव्हते. केस पार पांढरे आहेत, हे मला तेव्हा समजले.

एक शिपाई त्यांना म्हणाला, "काय बे, मेंढरं राखतो का माणसांची कपाटं?"  मला पाहिल्यावर धुळाजींची मुद्रा सैल झाली. आता सुटलो, असे वाटल्यावर माणसाची होते तशी. ते म्हणाले, "आक्का, यांना सांगा. आमचा वाडा कसा उठतो ते तुमाला ठावं हाय."

तपासी अंमलदार माझ्याकडे वळले. ते थांबले होते. मी सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते, असे मला आजही वाटते. अभिमन्यू माझ्या बाजूला उभा होता. मी म्हणाले, "साहेब, नियमाप्रमाणे जे असेल ते करा."

 मला बाहेर आणल्यावर अभिमन्यूने रिक्षा केली.

त्यांना आधी पोलीस कोठडीत आणि मग तुरुंगात ठेवले. जामीन मंजूर झाल्यावरही ते आतच राहिले, कारण स्थानिक जामीनदार लागतो आणि फिरत्या माणसासाठी आमच्या शिवारात कोणी सातबारा दिला नाही. आमच्या घराच्या विरोधात जाऊन कोण देणार? शेवटी चकलांब्याहून त्यांच्या भावकीतले एक जण आले. तोवर मेंढ्या व्यायचा हंगाम अर्ध्यावर आला होता. एकटी बाई रात्री कोल्ह्या-कुत्र्यांना हाकलणार, का अडलेली मेंढी सोडवणार? किती कोकरे गेली ते मला माहीत नाही. मी विचारलेले नाही.

ते आत असताना ताराबाई एकदा माझ्याकडे आली. फाटकाच्या आत आली नाही. तिच्या ओच्यात एक नुकते जन्मलेले कोकरू होते, कारण त्याला ठेवायला कोणी नव्हते. ती म्हणाली, "बाई, मी काई मागाया आले न्हाई. कोर्टात येऊन येवढंच सांगा, की ह्यांची जायची रीत हाय. तुमी सांगितलं तर जज ऐकतील. माझं कोण ऐकतंय." आधी ती मला आक्का म्हणत असे. मी म्हणाले, बघते. ती गेल्यावर मी आत येऊन पलंगावर बसले. कोर्टात गेले नाही.

आता दागिना कसा सापडला ते सांगते.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करतात. पत्र्याच्या कोठ्यांत धान्य भरतात, वर मुखवटे ठेवतात, साड्या नेसवतात आणि घरातले सोने अंगावर घालतात. तिसऱ्या दिवशी उतरवताना आमच्या घरी एक दागिना रात्रभर तसाच राहू देतात. माहेरवाशिणीला एकदम ओक्या गळ्याने वाटेला लावू नये म्हणून. तो दागिना पुतळ्यांची माळ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरवून कपाटात ठेवायची. आई ठेवत असे, मग वहिनी, अलीकडे मी. मागील वर्षी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अचानक पाहुणे आले. खोली मोकळी करायला अभिमन्यूने मुखवटे काढले, धान्य पोत्यात ओतले आणि कोठ्या जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर टाकल्या. माळ साडीच्या घडीत अडकून कोठीबरोबर वर गेली. सकाळी कोठ्या जाग्यावर नव्हत्या, म्हणून माळ उतरवायचे मला आठवलेच नाही. पुढे पोलिसांनी विचारले तेव्हा मला स्पष्ट आठवत होते की मी माळ कपाटात ठेवली. मला आठवत होते ते त्याच्या आधीच्या वर्षांचे. दरवर्षी केलेले काम या वर्षीही केले, असे मी लिहून दिले. आणि धुळाजी दरवर्षी करत आले ते मी लिहू दिले नाही. कोठ्या उघडून बघावे असे कोणालाच सुचले नाही, कारण माझ्या शब्दावर घरात सगळ्यांचा विश्वास आहे.

यंदा सणाच्या आधी मनिषाने कोठ्या खाली काढल्या. पहिली साडी उलगडताच माळ फरशीवर पडली. मी तिथेच सुपात गहू निवडत होते. मनिषाने माळ उचलली नाही. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, वर्षभर तुमी माझ्याकडं बघून बोलला न्हाईत."

माळ मी उचलली.

संध्याकाळी अभिमन्यू दुकानातून आला. त्याने माळ हातात घेऊन पाहिली.  मग म्हणाला, आत्या, सापडली ती सापडली, आता गप ठेवून दे, तो सुटलाय, त्याचं तो करून खातोय, गावात कोण इचारतंय. मी माळ कपाटात ठेवली. महालक्ष्म्या बसल्या, उठल्या. माळ कोणी देवीच्या अंगावर घातली नाही. पितृपंधरवडा सुरू झाला. वडिलांचे श्राद्ध झाले. त्या दिवशी त्यांच्या छायाचित्राला हार घालताना मागे उभे असलेले म्हाळूबा मला दिसत होते. इतके दिवस माळ कपाटात होती आणि मी पोलिसांना कळवले नव्हते, हेही चौकशीत धरावे.

दुसऱ्या दिवशी मी माळ घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तपासी अंमलदार तेच होते. या वेळी खुर्ची मी स्वतः ओढून घेतली. ते म्हणाले, मॅडम, आता घरात सापडली असं लिहिलं तर गोत्यात तुम्हीच याल. मी म्हणाले, लिहा. माळ पंचनामा करून जमा झाली. गैरसमजातून नोंदवलेला गुन्हा, असा अहवाल कोर्टात जाऊन प्रकरण बंद झाले.

प्रकरण कागदावर बंद झाले. दसऱ्यानंतर मी चकलांब्याला गेले. ताराबाई दारात गोधडी शिवत होती. धुळाजी घरात होते, त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता. ते बाहेर आले नाहीत. ऐन हंगामात वाडा घरी कसा, असे मी विचारले. ताराबाई म्हणाली, "कोन बसू देतंय? चोराचा वाडा म्हणत्यात. निम्मी मेंढरं इकली. तुमचं सोनं घावलं हे तुमच्या कपाटाला कळलं, रानाला कळलं न्हाई." दावा कशासाठी केला तेही तिने सांगितले. "पैशाचं ऱ्हाऊ द्या. धरायला कारण न्हवतं, असं कोर्टाच्या शिक्क्यानं पायजे. ते दाखवलं तर रानात पाय टेकू देतील."

धुळाजींच्या वकील वर्षाराणी कांबळे यांनी मला नोटीस पाठवली, तेव्हा मी त्यांना भेटले. वयाने लहान आहेत. त्यांनी मला समजावून सांगितले की, माणूस निर्दोष ठरला म्हणून अटक बेकायदा ठरत नाही. अटक करताना पोलिसांजवळ वाजवी संशयाला आधार होता की नाही, हे पाहतात. या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलावता येते. अटकच केली तर ती का लागली, ते लिहून ठेवावे लागते. तशी कारणे अंमलदारांनी लिहिलेली आहेत. आज ती मला वाचून दाखवण्यात आली. फिर्यादीने संशयित म्हणून नाव दिले. इसम घरात शिरून कपाट पाहून गेला. कोणास न सांगता पसार झाला. ठावठिकाणा नसल्याने पुन्हा हाती लागणार नाही.

यातले शेवटचे कारण तेवढे माझे नाही. पण ठावठिकाणा नसलेला माणूस आमच्या रानात दरवर्षी त्याच पंधरवड्यात येतो, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

काल रात्री जेवताना अभिमन्यूने मला आजच्या जबाबाबद्दल समजावले. तो माझ्याशी वाईट बोलला नाही. त्याने आमच्या वकिलाला विचारले होते. मी एवढेच म्हणायचे की, त्या वेळी मला धुळाजींचा प्रामाणिकपणे संशय आला होता. मग पोलिसांची बाजू सुटते आणि माझीही सुटते, कारण चुकून आलेल्या संशयाला शिक्षा नाही. दावा मात्र पडतो. "संशय येणं काय गुन्हा हाय का, आत्या?" तो म्हणाला. "खोटं बोल म्हणत न्हाई मी. संशय तुला आलताच की."

तो बरोबर बोलत होता. मला संशय आला होता. म्हणून तो कोणाचा आला होता, हे मी आज लिहून देते.

माझा संशय मनिषावर होता.

त्याला काही आधार नव्हता. ती दुसऱ्या घरातून आली, तिला माळ आवडत असे, ती एकदा आरशापुढे गळ्याला लावून बघत होती, एवढेच. अभिमन्यूने तिला विचारले ते माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारले. चोर बाहेरचा निघाला तर घर मोडणार नाही, असे मला वाटले. बाहेरचा म्हणून एक नाव समोर आले आणि मी ते राहू दिले. घरात बोलावल्याचे सांगितले असते तर ते कारण उरले नसते. रीत सांगितली असती तर पसार हा शब्द उरला नसता. मग पोलिसांना घरातल्या माणसांना विचारावे लागले असते.

धुळाजी म्हाळू देवकते यांच्यावर माझा संशय नव्हता. फिर्याद लिहिताना नव्हता, त्यांना दोरी लावून आणले तेव्हा नव्हता, आणि मध्ये कधीही आला नाही. त्यांना अटक करायला माझ्याजवळ कारण नव्हते, त्यामुळे पोलिसांना मी जे दिले ते कारण नव्हते. त्यांनी ते तपासून घ्यायला हवे होते की नाही, हे कोर्टाने ठरवावे. त्यांच्या चुकीआड माझी चूक लपवू नये.

याचा माझ्यावर काय परिणाम होईल, हे चौकशी अधिकाऱ्यांनी मला समजावून सांगितले. वकील आणायला वेळ देऊ केला. मी तो घेतला नाही.

लिहून झाल्यावर हा मजकूर मी चौकशी अधिकारी व रायटर यांच्यासमोर मोठ्याने वाचला. एके ठिकाणी मला थांबावे लागले, तेवढे रायटरने वाचले. यात जे आहे ते मी घातले आहे आणि माझ्याकडून काही राहिलेले नाही. गेल्या वर्षीची फिर्यादही मला वाचून दाखवली होती. तिच्यातली बहुतेक वाक्ये खरी होती.

या जबाबाच्या प्रतींबाबत व जमा दागिन्याबाबत माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. ती मान्य करणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

मूळ प्रत चौकशीत राहील. एक प्रत वकील वर्षाराणी कांबळे यांना दाव्यात लावण्यासाठी द्यावी. एक प्रत मनिषाला द्यावी. ती तिच्याच हाती द्यावी, अभिमन्यूच्या दुकानावर ठेवू नये. तिने अभिमन्यूला दाखवावी की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

माळ कोर्टाने मोकळी केली तर माझ्याकडे देऊ नये. माझ्यावर भरपाई बसल्यास आधी तिच्यातून वसूल करावी, कमी पडल्यास माझ्या नावचे रान आहे. ताराबाईला माळ देऊ करू नये. मी चकलांब्याला गेले तेव्हा विचारले होते. तिने नको म्हटले, आणि का नको तेही सांगितले. ते मी येथे लिहीत नाही.

एक प्रत धुळाजी म्हाळू देवकते यांना द्यावी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या गावच्या कोणीतरी ती वाचून दाखवावी. पोलिसाने वाचू नये. वाचताना चार माणसे असावीत, आणि आमच्या शिवारातले कोणी यायला तयार असेल तर त्याला जायचे भाडे मी देईन. विमलने माफी मागितली आहे असे वाचणाऱ्याने आपल्या मनाने जोडू नये. त्यांनी प्रत घेतली नाही तर घरात टाकून येऊ नये. नोंदणी टपाल माणसाने नाकारले की आम्ही पाकिटावर तसा शेरा लिहून ते पाठवणाऱ्याकडे परत करतो. तसाच शेरा लिहून ती माझ्याकडे परत यावी. मी सही करून घेईन.

(सही) विमल शिनगारे